आधीची शक्यता

फोनवरचा माणूस शेवटी "घाबरू नका" असं म्हणाला नसता, तर सुकेशनी कदाचित घाबरलीही नसती. संख्याशास्त्र विभागाच्या मागच्या बाजूला, कडुलिंबाखालच्या नळावर ती बाटली भरत उभी होती. एप्रिल सरत आलेला, परभणीचं ऊन सकाळीच डोळ्यांत शिरत होतं, आणि अनोळखी नंबर पाहून ती फोन उचलणारही नव्हती. "सुकेशनीताई बोलतात का? रक्तपेढीतून बोलायलोय. जयंतीच्या शिबिरात रक्त दिलं होतं ना तुमी? एकदा येऊन भेटावं लागतंय." कशासाठी, असं तिनं विचारलं. "ते फोनवर न्हाई सांगता येत, ताई. सोमवारी या. शनिवार-रविवार आमचे समुपदेशक नसतेत. आन् घाबरू नका." एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. बाटली भरून वाहत होती, पाणी तिच्या चपलेवरून मातीत जात होतं, आणि तिला ते बराच वेळ दिसलंच नाही. त्या माणसाच्या समोर काहीतरी लिहिलेलं असणार. आपल्या नावासमोर. ते त्याला माहीत आहे, आपल्याला नाही. आणि आज शुक्रवार आहे.

ती वर्गात जाऊन बसली तेव्हा संघप्रिया मॅडम अर्धा फळा लिहून मोकळ्या झाल्या होत्या. एमएस्सीच्या शेवटच्या सत्राची परीक्षा तोंडावर होती, उजळणी चालू होती, आणि अनुमानशास्त्राच्या तासाला सुकेशनी कधी मागच्या बाकावर बसत नसे, आज बसली. मॅडम मूळच्या लातूरकडच्या, उंच, बारीक आवाजाच्या. फळ्यावर लिहिताना त्या स्वतःशीच बोलल्यासारखं बोलत आणि मध्येच गर्रकन वळून एखाद्याला विचारत, "का?" त्या 'का'ला सगळा वर्ग भ्यायचा. सुकेशनीला मात्र तो आवडायचा. जिंतूरच्या कॉलेजात बीएस्सीला गणित घेतलं तेव्हा तिला गणित यायचं, पण त्याची एक धास्तीही वाटायची. गणितात उत्तर चुकलं की चुकलं, मग माणसानं कुठं जावं? इथं आल्यावर पहिल्याच महिन्यात मॅडमनी सांगितलं, की चूक होणारच आहे. ती किती होईल आणि कुठल्या बाजूला होईल, एवढं आधी ठरवून ठेवायचं, हे आपलं शास्त्र. तिला एकदम हलकं वाटलं होतं. चुकीला माप असतं, हे तिला गावी, बोरीच्या शाळेत, घरात, गल्लीत कोणी कधी सांगितलं नव्हतं. तिकडे एक चूक झाली की ती माणसाच्या कपाळावर कायमची.

मॅडम काहीतरी सिद्ध करत होत्या. सुकेशनीनं वहीचं शेवटचं पान उघडलं. असली उदाहरणं तिनं मागच्या वर्षी खेळल्यासारखी सोडवली होती. दहा हजार माणसं घ्यायची. त्यांतल्या वीस जणांना आजार. चाचणी शंभरात एखाद्या वेळी निरोगी माणसालाही आजारी ठरवते. म्हणजे खरे आजारी वीस, आणि उगाच सापडलेले सुमारे शंभर. जो सापडला तो खरोखर आजारी असण्याची शक्यता सहात एक. मॅडम म्हणायच्या, लोकांना हे पटत नाही. डॉक्टरांनाही पटत नाही. चाचणी एवढी चांगली असून सापडलेल्यांतले बहुतेक निर्दोष कसे? कारण तुम्ही आधीची शक्यता विसरता. कागद हातात येण्याआधी तुम्ही काय होतात, हे आधी लिहा, मग कागद वाचा. सुकेशनीनं तो आकडा पुन्हा काढला. सहात एक. फासा टाकला तर पाच वेळा आपण सुटतो. तिनं खाली दोन रेघा मारल्या आणि तिला बरं वाटलं. मग तिच्या ध्यानात आलं, की मागच्या वर्षी त्या दहा हजारांना तोंडं नव्हती. आता त्यांतल्या एकीला होतं, ती मागच्या बाकावर बसली होती आणि तिच्या तळव्याचा घाम पानाला लागून शाई पसरली होती.

रक्त देताना एक छापील अर्ज भरला होता, त्यात कसल्या कसल्या चाचण्या करतात ते होतं. एचआयव्ही पहिल्यांदा. मग दोन प्रकारच्या काविळी, गुप्तरोग, मलेरिया. तिचं मन पहिल्या नावापाशी गेलं आणि तिथंच घुटमळत राहिलं. आपण तर काहीच केलेलं नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि ते वाक्य एखाद्या अपराध्यानं म्हटल्यासारखं तिलाच ऐकू आलं. मग ती शोधू लागली. जिंतूरला दाढ काढली होती. अकरावीत मैत्रिणीबरोबर कानाला दुसरं भोक पाडलं होतं. आणि लहानपणी ताप आला की बोरीत मोटारसायकलवरून येणारा तो डॉक्टर. डॉक्टर तरी कसला, सगळे त्याला डॉक्टर म्हणायचे. त्याच्याकडे स्टीलची एक चपटी डबी होती. डबीत गरम पाणी घालून तो सुई विसळायचा आणि ओट्यावर ओळीनं बसलेल्या पोरांना टोचत जायचा. सुईचं काही वाटायचं नाही; डबीचं झाकण उघडताना येणारा वास आठवून आत्ता, या वर्गात, तिच्या दंडावर काटा आला. त्या ओळीत सगळी गल्ली बसलेली असायची. त्या ओळीत तिचे पप्पाही बसलेले तिनं पाहिले होते, खाकी शर्टाची बाही वर करून, हसत.

पप्पा. इतका वेळ ती त्यांच्याभोवतीनंच फिरत होती, हे तिला आत्ता कळलं. पंडित कंडक्टर म्हणून सगळा परभणी-जिंतूर रस्ता त्यांना ओळखायचा. सुकेशनी सहावीत असताना एका उन्हाळ्यात त्यांचे डोळे पिवळे झाले. आधी ते सारखे अंग खाजवायचे, जेवण नको म्हणायचे, मग पाय सुजले, मग पोट. कोणी झाडपाला दिला, कोणी उसाचा रस पाजला. जिंतूरच्या डॉक्टरनं पोट दाबून पाहिलं आणि आईकडे बघत म्हटलं, "किती पेतेत हे?" त्या प्रश्नातच निकाल होता. ते पीत होते, हे खरंच होतं. डेपोतली चार माणसं सुट्टीच्या दिवशी बसायची, त्यांत ते असायचे. ते गेल्यावर अंगणात माणसं बसली होती, आणि पाणी घेऊन जाताना तिनं ऐकलं, की सोन्यासारखी नोकरी, दारूनं माती केली. शाळेत तर एकानं तोंडावरच म्हटलं, बेवड्याची पोरगी. त्या दिवसापासून तिला पप्पांचा राग होता. साधासुधा नव्हे, व्यवस्थित जपून ठेवलेला राग. वसतिगृहात पहिल्या आठवड्यात खोलीतल्या निकितानं विचारलं होतं, वडील काय करतात, तर ती पटकन म्हणाली होती, "दारूनं गेले." एकदाचं सांगून टाकलं की पुन्हा कोणी विचारत नाही, हा तिचा अनुभव होता.

आता पिवळे डोळे आणि त्या अर्जावरची कावीळ शेजारी शेजारी येऊन उभी राहिली. ती जर तसली कावीळ असेल, रक्तातून जाणारी, घरात एकाकडून दुसऱ्याकडे सरकणारी, तर आपण त्या दहा हजारांतल्या नव्हेतच. आपली आधीची शक्यता वेगळी. आपण काढलेला आकडा दुसऱ्याच कोणाचा तरी आहे. तास संपला तेव्हा ती टेबलाशी गेली. मॅडम हात झटकत होत्या, खडूची भुकटी उन्हात तरंगत होती. "मॅडम, आधीची शक्यता धरताना, माणूस कुठल्या गटातलं, हे कोण ठरवतं? म्हणजे तीच बाई सगळ्या जिल्ह्यातली एक धरली तर एक उत्तर येतं, आणि तिच्या घरातली धरली तर दुसरं." मॅडमनी तिच्याकडे नीट पाहिलं. "चांगला प्रश्न आहे. सूत्र नाही ठरवत. आपण ठरवतो, आणि म्हणून आपल्यावर जबाबदारी येते." मग त्या म्हणाल्या, "बरं नाही का तुला? तोंड उतरलंय." उकाड्यानं, असं ती म्हणाली.

संध्याकाळी मेसमधून डबा आला. निकिता तिच्या खोलीत राहणारी, राणीसावरगावची, घरी पंचवीस एकर, अंगानं दणकट आणि बोलायला मोकळी. पहिल्या दिवसापासून दोघी एका ताटात जेवायच्या. निकितानं त्याचा कधी गाजावाजा केला नव्हता, आणि सुकेशनीनं तिच्या न केलेल्या गाजावाज्याची मनात कुठेतरी नोंद ठेवली होती. कारण सुकेशनीच्या आजीला लोक वरून ओंजळीत पाणी ओतायचे, ती गोष्ट आजीनं तिला अनेकदा सांगितली होती, रागानं नव्हे, जोंधळ्याचा भाव सांगावा तशी. आज निकितानं भाकर मोडून ताट मध्ये ओढलं आणि सुकेशनी उठली, कपाटातून आपली वेगळी ताटली काढली, आपला गलास उचलून खिडकीत नेऊन ठेवला. "हे काय?" निकिता म्हणाली. "सर्दी झालीय." "कुठं हाय सर्दी? नाक तर कोरडं ठाक." निकितानं हात पुढे करून तिच्या गलासातलं पाणी प्यायला गलास उचलला, आणि सुकेशनीनं तो तिच्या हातातून अक्षरशः हिसकावला. पाणी दोघींच्या अंगावर सांडलं. निकिताचा चेहरा बघता बघता बदलला. "माझं काय चुकलं का, सुकेशनी? माझ्या घरच्यांनी काय म्हटलं का तुला? खरं सांग. मागं माझी आजी आली होती तवा काय बोलली का?" सुकेशनीला रडू फुटायला आलं. ही बिचारी नेमकी उलट्या बाजूनं विचार करत होती. "न्हाई ग. तुझं काही नाही," एवढंच ती म्हणाली. मग दोघी आपापल्या ताटलीत जेवल्या. ओला कुर्ता अंगाला चिकटला होता. आजीला जे दुसऱ्यांनी केलं ते मी माझ्या हातानं माझं करून घेतेय, असं तिच्या मनात आलं, आणि घास तोंडात फिरू लागला.

रविवारी ती बोरीला गेली. जायचं ठरवलं नव्हतं. स्टँडवर जिंतूरची गाडी लागलेली दिसली आणि ती चढली. घरी आई एकटीच होती, भाऊ बुद्धभूषण क्रिकेट खेळायला गेलेला. मनिषाबाई अंगणवाडीत मदतनीस होत्या, नवरा गेल्यावर चिकाटीनं ती जागा मिळवली होती. "अचानक गं? परीक्षा जवळ आली न् तू इकडं?" असं म्हणत त्यांनी चूल पेटवली. सुकेशनी चुलीपुढे बसून आईकडे बघत राहिली. डोळ्यांचा पांढरा भाग पांढरा आहे का? नखं? आईच्या डोळ्यांत धुरानं पाणी आलं होतं, चेहरा रापलेला, त्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. आपण आईला माणूस म्हणून बघत नाही आहोत, तपासतो आहोत, हे जाणवून तिला ओशाळं वाटलं. "आई, पप्पा किती प्यायचे?" मनिषाबाईंचा हात पिठात थांबला. या घरात हा प्रश्न कोणी विचारत नसे. "आज काय काढलंस हे?" "सांग ना." "पेत होते. खोटं कशाला बोलू. पण लोकं म्हनतेत तेवढं न्हाई." त्यांनी भाकर थापायला घेतली, थापता थापता ती मध्येच फाटली, पुन्हा गोळा केला. "लोकायला काय, एक कारन सापडलं की मोकळे. तू खा. लय बारीक झालीस." सुकेशनीनं तोंड उघडलं होतं, सांगणारच होती, पण सांगायचं काय? की कागद अजून पाहिला नाही? की शक्यता आहे? या घरात शक्यता हा शब्द कसा उच्चारायचा, ते तिला सुचेना. ती जेवली आणि दुपारच्या गाडीनं परत आली. गाडीत तिला सारखं वाटत होतं, की शेजारच्या माणसाला आपल्या कोपराचा धक्का लागू नये.

सोमवारी समुपदेशकाच्या खोलीत पंखा खडखडत होता. गोपाळ नावाचा तिशीतला माणूस, दाढी वाढलेली, बोलण्यात घाई नाही. त्यानं दार लोटून घेतलं, तेव्हा तिच्या कानात गुंऽऽ असा आवाज सुरू झाला. "ताई, तुमच्या रक्तात हिपॅटायटिस बी निघालंय. म्हंजे काविळीचा एक विषाणू." एचआयव्ही नाही, या सुटकेनं तिला जवळजवळ हसू आलं, आणि दुसऱ्याच क्षणी त्या हसण्याची लाज वाटली. "ही पहिली चाचणी हाय. परत रक्त घ्यावं लागंल, खात्री करायला." "पहिली चाचणी चुकीची असण्याचं प्रमाण किती?" तिनं विचारलं. गोपाळनं मान वर केली. "काय शिकता ताई?" "संख्याशास्त्र." "मग माझ्यापेक्षा तुमाला जास्त कळतंय. चुकतेत कधी कधी. पन मी तुमाला उगा आशा न्हाई लावणार. घरात कुनाला कावीळ झाली होती का?" तिनं पप्पांचं सांगितलं. डोळे, खाज, पाय, पोट. सांगताना तिचा आवाज परीक्षेत तोंडी उत्तर दिल्यासारखा कोरडा निघाला. "दारू पेत होते," ती शेवटी म्हणाली, सवयीनं. गोपाळनं पेन खाली ठेवला. "दारूनं बी होतंय. ह्यानं बी होतंय. दोन्ही असलं की लवकर होतंय. त्या वेळी ह्याची तपासणी केली होती का?" कोणी केली होती? जिंतूरच्या डॉक्टरनं एक प्रश्न विचारला होता, उत्तर त्याला आधीच माहीत होतं. गोपाळ मग समजावत राहिला, की हे ताटानं, गलासानं, एकत्र बसण्यानं होत नाही; जवळ राहणाऱ्यांनी लस घ्यावी; पुष्कळ लोक आयुष्यभर नीट राहतात, लागलीच तर रोजची एक गोळी, सरकारी दवाखान्यात फुकट. "आन् आईला आन् भावाला घेऊन या. टाळू नका."

दुसऱ्या चाचणीतही तेच निघालं. कागद हातात घेऊन ती विभागात गेली, तासाला बसली, उतरवूनही घेतलं. आता सहात एक नव्हतं, फासा नव्हता, आणि नवल म्हणजे भीतीचा आकार तेवढाच राहिला होता. फक्त तिची जागा बदलली होती. आता ती आईची भीती होती. संध्याकाळी तिनं निकिताला सांगितलं. निकिता बराच वेळ चादरीचा कोपरा पिरगळत बसली. "गलासानं होत न्हाई म्हनला ना तो?" "नाही होत." "मग त्या दिवशी एवढं हिसकायचं काय कारण होतं? मला वाटलं, मीच बाटवली तुला." आणि मग म्हणाली, "लस घेते मी. पन घरी सांगणार न्हाई. घरी कळलं तर उद्या ट्रॅक्टर घेऊन येतील न् मला सामानासकट नेतील." रात्री निजताना तिनं खाट हलवली नाही, पण दोन-तीनदा कूस बदलली. सुकेशनी जागीच होती. ती कूस उकाड्यानं बदलली असेल, हेही तितकंच संभाव्य आहे, असं ती स्वतःला समजावत राहिली.

आईला तिनं फोनवर "एक तपासणी करायचीय, ये" एवढंच सांगितलं. मनिषाबाई इस्त्रीची साडी नेसून, बुद्धभूषणला घेऊन आल्या. भावाला लहानपणी लस टोचली होती, तो सुटला. आईचा कागद मिळाला त्या दिवशी बुद्धभूषण आला नव्हता. दवाखान्याच्या व्हरांड्यात, भिंतीशी लावलेल्या बाकावर दोघीच मायलेकी होत्या. आईच्याही रक्तात तेच होतं. सुकेशनीनं जमेल तसं समजावलं. विषाणू काय, यकृत काय, वर्षानुवर्षं गुपचूप कसा राहतो, आणि एखाद्याचं यकृत कसं हळूहळू नासवतो. मनिषाबाई तिच्या ओठांकडे बघत ऐकत होत्या. "मंजे, ह्यायला बी हेच होतं?" "असेल. बहुतेक. आता तपासता नाही येणार." "मग ते दारूनं न्हाई गेले?" "दारूनंही भर पडली असेल. पण नुसत्या दारूनं नाही, आई. तेवढ्या दारूनं एवढ्या लवकर नाही."

समोरून कोणीतरी स्ट्रेचर ढकलत नेलं, त्याचं एक चाक कुरकुरत होतं. सुकेशनीला पुढचा प्रश्न दिसत होता. फळ्यावर मॅडमच्या हातून पुढची ओळ यायच्या आधी दिसायची तसा. "मग कुनाचं कुनाला?" आई म्हणाली. "त्यायचं मला आलं, का माझं त्यायला?" त्यांचं तुला, असं म्हणायला काय लागत होतं? आई तिच्या शब्दावर विश्वास ठेवून बसली होती. लेक एवढी शिकली, तिला कळत असणार. दोन माणसांच्या रक्तात एकच गोष्ट सापडली, तर ती कुठून कुठं गेली हे त्या दोन कागदांवरून कोणीच सांगू शकत नाही. आईला तिच्या आईकडून आलं असेल, मग आईकडून आपल्याला आणि पप्पांनाही. किंवा त्या ओट्यावरच्या सुईनं आधी पप्पांना. एक खोटं वाक्य, आणि आई सुटेल. "सांगता नाही येत, आई," ती म्हणाली. "कुणालाच नाही सांगता येणार." आणि म्हटल्याबरोबर तिला वाटलं, आपण फार मोठी चूक केली.

मनिषाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "मरू दे. कुनाचं का असंना," त्या म्हणाल्या. मग समोर बघतच, हळू आवाजात बोलू लागल्या. "शेवटी शेवटी ते शपथ घेऊन म्हनायचे, मी सोडलीय. मी रोज त्यायच्या तोंडाचा वास घ्यायची. कामावरून आले की उंबऱ्यातच. वास नसायचा, सुके. कदीच नसायचा. तरी मी म्हनायची, खोटं बोलतायत तुमी, पेऊन आलायत. पाय सुजलेला माणूस उंबऱ्यात हुबा न् मी म्हनायची, तोंड उघडा." त्या रडल्या नाहीत. सुकेशनीच्या आत मात्र काहीतरी सरकलं. इतकी वर्षं जपलेला तो राग तिनं चाचपून पाहिला. ठेवलेल्या जागी तो नव्हता, आणि त्या रिकाम्या जागेत खाकी शर्टातला एक माणूस उंबऱ्यापाशी तोंड उघडून उभा होता. तिनं आईचा हात धरला. हात गरम होता, रेघांत पीठ अडकलेलं. त्या तशाच बसून राहिल्या, औषधाच्या खिडकीवरून दोनदा नाव पुकारलं गेलं तरी.

दुपारी ती आईला गाडीत बसवायला स्टँडवर आली. जिंतूरची गाडी लागलेली होती, दारात भगवानराव कंडक्टर उभे. पप्पांच्या बरोबरचे, सुट्टीच्या दिवशी त्यांच्यासोबत प्यायला बसणारे, आता निवृत्तीला आलेले, केस पांढरे. "या वहिनी," ते म्हणाले, "लेकीकडं आल्ता का?" मनिषाबाई पायरीवर चढल्या आणि तिथंच थांबल्या. मागे माणसं खोळंबली. "भाऊ," त्या मोठ्यानं म्हणाल्या, अंगणवाडीत पोरांना हाक मारावी तशा खणखणीत, "पंडित कंडक्टर दारूनं न्हाई गेले. त्यायला रक्तातली कावीळ होती. मला बी हाय. ह्या लेकीला बी हाय. आज कागद मिळाला." सगळी गाडी वळली. सुकेशनीच्या कानशिलात आग उठली. आई, नको, असं तिच्या ओठांवर आलं, पाय मागे सरकले, गर्दीत मिसळून जावं असं वाटलं. विद्यापीठातलं कोणी असेल, बोरीतलं तर असणारच, संध्याकाळपर्यंत गल्लीत पोचेल, आणि पोचेल तेव्हा काय होऊन पोचेल? भगवानरावांनी तिकिटाचं मशीन खाली केलं. ते आईकडे, मग सुकेशनीकडे बघत राहिले. "आमीच म्हनत होतो," ते पुटपुटले. "पुऱ्या डेपोत आमीच म्हनत होतो." आणि मग एकदम मागच्यांवर खेकसले, "थांबा की जरा! बाईमानसाला चढू द्या."

आई आत गेली. पुढच्या बाकावर खिडकीशी एक बाई टोपली घेऊन बसली होती, ती अंग आखडून अगदी खिडकीला चिकटली. मनिषाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मोकळ्या झालेल्या जागेत औषधांची पिशवी ठेवली आणि ऐसपैस बसल्या. गाडी सुरू झाली. सुकेशनी दाराच्या दांड्याशी उभी होती, हात दांड्यावरच. भगवानराव म्हणाले, "तू येतीस का, पोरी?" तिचा तीन वाजता तास होता. गाडी हलली तशी ती चार पावलं बरोबर चालली, आणि पाचव्या पावलाला चढली. पिशवी उचलून मांडीवर घेत ती आईच्या शेजारी बसली.